पुस्तकातले रे. टिळक



स्मरणिकेसाठी काहीतरी लिहून दे, असा निरोप संपादक मंडळाकडून तीनदा आला. तिसऱ्या वेळी तर तारीखच घालून दिली. छड्या, पी.टी.चा तास, गॅदरिंगमधली फजिती, सहलीत हरवलेला डबा हे सगळे तुम्ही लिहिणारच आहात आणि माझ्यापेक्षा चांगले लिहाल. मी एका माणसाविषयी लिहितो. त्यांची नि आपली पहिली भेट शाळेतच झाली, पण ओळख अर्धीच राहिली.

मराठीच्या सरांनी शिकवलेली ती जखमी पक्षिणीची कविता आठवते ना? शिकाऱ्याने घायाळ केलेली ती आई पिलांसाठी चारा घेऊन पडत-उठत घरट्याशी येते, चारा पिलांना देते आणि प्राण सोडते. सरांचा आवाज शेवटच्या ओळींना बसायचा, मग ते खिडकीबाहेर बघत उभे राहायचे. कवितेखाली नाव होते, रे. ना. वा. टिळक. सहामाहीत आपल्यापैकी एकाने कवीचे नाव लोकमान्य टिळक असे लिहिले आणि सरांनी ती उत्तरपत्रिका वर्गात वाचून दाखवली. (तो आज मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झाला आहे, नाव लिहीत नाही.) पण ‘रे.’ म्हणजे काय, हे आपण कोणी विचारले नाही आणि सरांनीही सांगितले नाही. मला तर कितीतरी दिवस वाटायचे की तेही आद्याक्षरच आहे.

उलगडा झाला तो मागच्या बाकावर बसणाऱ्या आपल्या मित्राच्या घरी. त्याची आजी रोज दिवेलागणीला टाळ घेऊन भजन म्हणायची. चाल अगदी आमच्याकडे एकादशीला ऐकू यायची तशी, अभंगाची, फक्त नाव येशूचे. हे कोणी लिहिले, असे मी विचारले, तर ती म्हणाली की टिळकांनी. तोच तो पक्षिणीवाला कवी, हे मित्रालाही त्याच दिवशी कळले. ‘रे.’ म्हणजे रेव्हरंड, म्हणजे पाद्री.

भजन संपले की आजी डोळे मिटून प्रार्थना करायची आणि त्या प्रार्थनेत नावे यायची. दूधवाल्याचे, समोरच्या शिंपिणीचे, गावातल्या डॉक्टरांचे. एका संध्याकाळी माझ्या वडिलांचे आणि माझे नाव आले. या सगळ्यांचे तारण होवो, असे ती मागत होती. मी तेरा वर्षांचा होतो, घाबरलो. घरी गेल्यावर मी त्यांच्याकडे पाणी प्यालो हेही सांगितले नाही आणि हेही नाही. आमच्याकडे त्या काळी त्यांच्या घरचे पाणी चालत नसे. पुढे बँकेत तीस वर्षे काढली. तिथे तारण म्हणजे सोने, घर किंवा सातबारा. ख्रिस्ती मराठीत त्याचा अर्थ उद्धार, पापातून सुटका. पण बँकेत तो शब्द लिहिताना मला अधूनमधून त्या आजीचा आवाज ऐकू यायचा. माझ्यासाठी ती नेमके काय मागत होती, हे समजून घ्यायला मी टिळकांचे चरित्र वाचू लागलो. जे हाती आले ते असे.

नारायण वामन टिळकांचा जन्म ६ डिसेंबर १८६१ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावचा. चित्पावन ब्राह्मणाचे घर. वडील वामनराव सरकारी नोकरीत, स्वभावाने कडक. आई जानकीबाई भक्तिमार्गी, ओव्या-अभंगांत रमणारी. नारायणाला कवितेचा नाद लागला तो आईकडून. शाळा कल्याणला सुरू झाली आणि १८७३ मध्ये आई गेली. मुलगा तेव्हा अकरा वर्षांचा. आई गेल्यावर त्या घरात त्याचे मन राहिले नाही. तो बाहेर पडला आणि नाशकात आला. तिथे गणेशशास्त्री लेल्यांच्या हाताखाली संस्कृत काव्य शिकला. थोडे इंग्रजीही शिकला, पण मॅट्रिकपर्यंत पोचण्याआधीच पोटासाठी मास्तरकी धरावी लागली.

१८८० मध्ये लग्न झाले. मुलगी नाशिकजवळच्या जलालपूरच्या गोखल्यांची, नाव मनकर्णिका, वय अकरा-बारा. सासरी ती लक्ष्मी झाली. तिच्या वडिलांचे सोवळे इतके विलक्षण होते की मीठ-साखरसुद्धा धुऊन घेण्यापर्यंत मजल जाई. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे तिचे काम पडणार आहे.

संसार म्हणावा तर तो सुरू झाला आणि म्हणू नये तर कधीच स्थिर झाला नाही. वणी, मुरबाड, नागपूर, राजनांदगाव अशी भटकंती. टिळक विद्वान, शीघ्रकवी, बोलायला लागले की माणसे गोळा होत. पण हातात पैसा आला की तो दुसऱ्याच कोणाच्या गरजेला जायचा. बाजार आणायला पाठवावे तर भलतीच वस्तू घेऊन यायचे. रागावले की घर सोडून जायचे आणि राग उतरला की लहान मुलासारखे परत यायचे. हे सगळे लक्ष्मीबाईंनी ‘स्मृतिचित्रे’त इतक्या हसत लिहिले आहे की वाचणाराही हसतो आणि मग पुस्तक मिटून विचार करतो की या बाईने हे सोसले कसे.

१८९१ च्या सुमारास नागपुरात अप्पासाहेब बुटी यांच्या आश्रयाने टिळक संस्कृत ग्रंथांच्या कामावर होते. बाहेरून पाहावे तर चांगले बस्तान बसत होते. आत मात्र एक प्रश्न पोखरत होता. आपला देश असा का पडला आहे? जातीजातींत चिरफाळ्या झालेला हा समाज उभा राहायचा तर त्याला कुठला धर्म तारील? लक्षात घ्या, माझ्या आत्म्याचे काय होईल असा हा प्रश्न नव्हता. आमच्या माणसांचे काय होईल, असा होता. मला तर वाटते की टिळकांच्या सगळ्या आयुष्याची किल्ली इथे आहे. धर्मांतरानंतर त्यांना आपल्या लोकांची तळमळ लागली असे नाही. ती तळमळ आधीची, आणि तिच्याच पाठोपाठ ते चालत गेले. वाट त्यांना जिथे घेऊन गेली, तिथे त्यांचे लोक आले नाहीत, एवढेच.

१८९३ मध्ये नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत त्यांना एक युरोपियन गृहस्थ भेटले. कवितेवर बोलणे निघाले, ते धर्मावर गेले. उतरताना त्या गृहस्थांनी नव्या कराराची एक प्रत हातात ठेवली आणि दोन वर्षांच्या आत तुम्ही ख्रिस्ती व्हाल, असे भाकीत केले. टिळकांना ते अर्थातच विचित्र वाटले. पण पुस्तक वाचायचे कबूल केले होते, म्हणून शिस्तीने, खुणा करत वाचायला बसले आणि पर्वतावरच्या प्रवचनापाशी अडले. शत्रूवर प्रेम करा, एका गालावर मारले तर दुसरा पुढे करा, अंतःकरणाने शुद्ध असलेले धन्य. त्या पानांवरून त्यांना उठवेना.

पुढची दोन वर्षे ओढाताणीची गेली. जात गेली तर नोकरी जाणार, बायको-मुलगा जाणार, भाऊ-बहिणी जाणार, हे त्यांना पुरते ठाऊक होते. शेवटी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत भायखळ्याच्या अमेरिकन मिशनच्या देवळात त्यांनी बाप्तिस्मा घेतला. आगगाडीतल्या माणसाने दिलेली मुदत भरत आली होती.

घरी ती बातमी येऊन आदळली. मुलगा दत्तू चार वर्षांचाही नव्हता. नवरा जिवंत, पण जातीच्या हिशेबाने मेल्यासारखा. लक्ष्मीबाई मुलाला घेऊन आप्तांच्या आधाराने राहिल्या, त्यातला बराच काळ पंढरपुरात. विठोबाच्या दारात राहून त्या नवऱ्यासाठी रडत होत्या आणि तिकडे नगरला नवरा ख्रिस्ताच्या पायाशी बसून बायकोसाठी रडत होता. दोघेही कविता लिहीत होती. लक्ष्मीबाई कवितेकडे वळल्या त्या याच दुःखात. टिळक पत्रे पाठवत, भेटायला येत. येताना आणि परत जाताना त्या दोघांवर काय गुजरत असेल, ते ‘स्मृतिचित्रे’त वाचावे. मी सांगू गेलो तर पातळ होईल.

आपल्या माणसांसाठी देवाकडे मागणे ही गोष्ट बोलायला सोपी आहे. टिळकांच्या बाबतीत आपली माणसे म्हणजे आधी ही दोन होती. या चार-पाच वर्षांत त्यांनी बायकोला खेचून आणायचा मार्ग धरला नाही. अखेर लक्ष्मीबाई नगरला आल्या तेव्हा त्यांचे सोवळे, त्यांचा स्वयंपाक, त्यांचे पाणी वेगळे राहील, अशी सोय झाली. पाद्री नवरा एका बाजूला आणि सोवळ्यातली बायको दुसऱ्या. मिशनच्या आवारात हा प्रकार लोकांना गमतीचा वाटला असणार. टिळकांनी वाट पाहिली. हा माणूस एरवी घटकाभर वाट पाहू शकत नसे, म्हणून मला ही वाट पाहणे फार मोठे वाटते.

बदल झाला तो वादविवादाने झाला नाही. मीठ धुणाऱ्या बापाच्या या मुलीच्या मनाने एक दिवस आपणच कौल दिला की देवाने माणूस केला, जाती माणसाने केल्या. त्यानंतर त्या कोणाच्याही हातचे पाणी पिऊ लागल्या. सोवळे सुटले ते ख्रिस्ती होण्यासाठी नव्हे, ते आधी सुटले. बाप्तिस्मा नंतर, १९०० मध्ये, आपल्या राहुरीला. राहुरीच्या मंडळींनो, तुमच्या गावावरून जाताना मला दर वेळी हे आठवते. आणि तेरा वर्षांच्या मुलाने मित्राच्या घरी पिऊन लपवलेले पाणीही आठवते.

ते साल दुष्काळाचे होते. अन्नाला मोताद झालेली मुले मिशनच्या आश्रयाला येत. त्यांतली कितीतरी लक्ष्मीबाईंच्या पदराखाली वाढली. पुढे प्लेग आला, तेव्हाही या बाई आजाऱ्यांत वावरल्या. टिळक कळवळ्याने मुले घरी आणायचे आणि त्यांच्या पोटाची चिंता लक्ष्मीबाईंनी करायची, अशी साधारण वाटणी होती. नवऱ्याच्या तळमळीची किंमत पुष्कळदा बायकोने मोजली, हे चरित्रकारांनी जरा दबक्या आवाजात सांगितले आहे. मला वाटते ते मोठ्याने सांगायला हरकत नाही.

टिळक नगरला पाद्री होऊ घातलेल्या तरुणांना शिकवत. १९०४ मध्ये त्यांना पाळकपदाची दीक्षा मिळाली आणि नावामागे तो ‘रे.’ लागला. पण एक सल त्यांना पहिल्या दिवसापासून होता. ख्रिस्ती झालेला मराठी माणूस आपल्याच गावात परका होत होता. कोट-पाटलोण आली, नावे बदलली, आणि देवळात गायची गाणी म्हणजे इंग्रजी गीतांची भाषांतरे, विलायती चालींवर. नगर भागात कृष्णाजी रत्नाजी सांगळे यांनी त्यांच्याआधीच देशी चालींची आणि कीर्तनाची वाट पाडली होती. टिळकांनी तिचा हमरस्ता केला. अभंग, ओवी, भजन, कीर्तन, टाळ आणि मृदंग. शेकड्यांनी गीते लिहिली. मराठी चर्चमधल्या ‘उपासना संगीत’ या पुस्तकात आजही त्यांचा वाटा मोठा आहे. आपल्या मित्राची आजी म्हणायची ते त्यातलेच.

हे नुसते संगीताचे प्रकरण नव्हते. आपली माणसे ज्या भाषेत रडतात, त्याच भाषेत त्यांच्यासाठी देवाशी बोलायचे, असा तो हट्ट होता. तुकारामाच्या पुलावरून आपण ख्रिस्ताच्या पायांशी आलो, असे ते स्वतःच सांगत. पलीकडे गेल्यावर पूल मोडायचा नाही, हे त्यांनी जन्मभर पाळले. त्यांच्या ‘अभंगांजली’तला देव मराठी संतांच्या देवासारखा आहे, म्हणजे आईसारखा. आणि त्यांच्या प्रार्थनेत हिंदुस्थान फिरून फिरून येतो. देशभक्तीची गाणी लिहिणारा पाद्री ही त्या काळात दोन्हीकडच्या लोकांना न पटणारी चीज होती. इकडचे म्हणत, हा गोऱ्यांना मिळाला. तिकडच्यांतल्या काहींना वाटे, याचे हिंदूपण अजून गेलेले नाही.

इथे थोडे मागे, पार दोन हजार वर्षे मागे जातो. नव्या करारात रोमकरांस लिहिलेले पौलाचे पत्र आहे. पौल स्वतः यहुदी, कट्टर परूशी पंथात वाढलेला. तो ख्रिस्ताचा अनुयायी झाला आणि त्याच्या लोकांनी त्याला धर्मबुडव्या ठरवले, मारहाण केली. त्या पत्राच्या नवव्या-दहाव्या अध्यायांत तो आपल्या याच लोकांबद्दल लिहितो. आपल्या अंतःकरणात सतत वेदना आहे, आपल्या भाऊबंदांसाठी आपण स्वतः शापित व्हायलाही तयार आहोत, त्यांचे तारण व्हावे हीच आपली इच्छा आणि देवाजवळ विनंती आहे, असा त्याचा भाव. जुन्या घराने हाकलून दिलेल्या माणसाने त्याच घरासाठी रात्री जागाव्यात, तसे ते आहे. शिव्या नाहीत, शाप नाहीत, पाहून घेईन अशी भाषा नाही. ही पाने टिळकांनी किती वेळा वाचली असतील, याचा हिशेब कोण देणार? पण त्यांचे आयुष्य त्या पानांच्या शेजारी ठेवून वाचले की दोन्ही जास्त कळतात.

मी ख्रिस्ती नाही, आणि दुसऱ्याच्या उद्धाराची प्रार्थना या कल्पनेविषयी माझ्या मनात अढी होती हे कबूल करतो. तुझे चुकले आहे, मी तुझ्यासाठी देवाकडे रदबदली करतो, यात कुठेतरी उंचावर उभे राहणे येते. त्या संध्याकाळी मला जी भीती वाटली, तिच्या मुळाशी हेच असावे. टिळकांच्या बाबतीत ही अढी सुटायला मला एक मुलगा कारणी पडला. तो म्हणजे त्र्यंबक बापूजी ठोमरे, आपले बालकवी.

१९०७ मध्ये जळगावला कविसंमेलन भरले. तिथे या सतरा वर्षांच्या पोराने कविता म्हटली आणि अध्यक्ष डॉ. कान्होबा रणछोडदास कीर्तिकरांनी त्याला बालकवी ही पदवी दिली. टिळकांनी त्याला नगरला आपल्या घरी आणले. तो त्यांच्या घरात मुलासारखा राहिला, लक्ष्मीबाईंवर रुसला, हट्ट केले, लाड करून घेतले. पाद्र्याच्या घरी राहतो म्हणून बाहेर कुजबुज झाली नसेल असे नाही. पण ठोमरे त्या घरात आला तेव्हा हिंदू होता आणि गेला तेव्हाही हिंदूच होता. ज्या माणसाला आपला सगळा देश ख्रिस्ताकडे यावा असे वाटत होते, त्याने आपल्या छपराखाली राहणाऱ्या, आपल्या शब्दाला मान देणाऱ्या एका पोरक्या मनाच्या मुलावर भार टाकला नाही. त्याला कविता शिकवली, जेवू घातले. देवाकडे काय मागितले असेल ते त्याचे तो जाणे. ५ मे १९१८ रोजी भादली स्टेशनाजवळ बालकवी आगगाडीखाली गेले. टिळकांना त्यानंतर वर्षभरच आयुष्य होते.

१९१२ पासून ‘ज्ञानोदया’च्या मराठी विभागाचे काम त्यांच्याकडे होते. १८४२ मध्ये नगरहूनच सुरू झालेले हे पत्र. लिहिणे, व्याख्याने, कीर्तने चालू होती. मान होता, पगार होता. आणि तो पगारच त्यांना खुपत होता. मिशनचा पैसा घेणारा माणूस ख्रिस्ताबद्दल बोलू लागला की ऐकणारा आधी पगाराकडे बघतो, हे त्यांना वीस वर्षांत कळून चुकले होते. आपल्याकडे कीर्तनकार असो की गोसावी, तो काही कोणाचा नोकर म्हणून देवाचे नाव घेत नाही. १९१७ मध्ये, वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी, त्यांनी मिशनची नोकरी सोडली. भांडून नव्हे. ज्यांनी पडत्या काळात आसरा दिला त्यांच्याविषयी कृतज्ञता ठेवून, पण ठामपणे. अंगावर भगवे घेतले आणि ख्रिस्ती संन्यासी म्हणून साताऱ्याला राहिले.

तिथे त्यांनी ‘देवाचा दरबार’ काढला. कल्पना साधी आणि त्या काळाच्या मानाने धाडसाची होती. ख्रिस्ताला गुरू मानणारा कोणीही यावा, बाप्तिस्मा घेतलेला असो वा नसो. आपल्या लोकांना उंबरठ्यावर जातीचा, चर्चचा, साहेबाचा कुठलाच अडसर लागू नये. पक्क्या ख्रिस्ती मंडळींना हे रुचणे कठीणच होते. बाप्तिस्मा न घेता ख्रिस्ताचा शिष्य कसा, हा त्यांचा प्रश्न गैर नव्हता. हिंदूंना वाटले, हा नवा सापळा. माझ्या मते टिळकांना दोघांचीही समजूत काढायची नव्हती. बावीस वर्षांपूर्वी आपण ज्या घरातून बाहेर पडलो त्याच्या अंगणात जाऊन बसायचे होते, आत घेवोत न घेवोत.

दरबार फोफावला नाही. त्याला वेळच मिळाला नाही. टिळकांची प्रकृती ढासळली आणि ९ मे १९१९ रोजी मुंबईच्या जे. जे. हॉस्पिटलात ते वारले. अठ्ठावन्नावे वर्ष पुरे व्हायचे होते. आपल्या देहाचे दहन व्हावे, अशी त्यांची इच्छा होती. ख्रिस्ती माणसाचे दफन व्हायचे, ही रीत. पण शेवटचा संस्कारही आपल्या लोकांसारखा व्हावा, असे त्यांना वाटले असावे. त्याप्रमाणे दहन झाले आणि अस्थी नगरला आणल्या गेल्या.

ख्रिस्ताच्या चरित्रावरचे ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य त्यांनी हाती घेतले होते, ते सुरुवातीच्या काही अध्यायांवर थांबले. ते पुढे नेले कोणी? अक्षरओळखीपासून धडपडत शिकलेल्या, कधीकाळी पंढरपुरात नवऱ्याच्या नावाने रडणाऱ्या लक्ष्मीबाईंनी. त्यातला फार मोठा भाग त्यांचा आहे. ‘स्मृतिचित्रे’ त्यांनी म्हातारपणी लिहिली आणि १९३४ पासून ती भागांनी छापली गेली. १९३६ मध्ये त्या गेल्या. आज टिळकांना कोणी ओळखत असेल तर ते बहुधा या पुस्तकामुळे. नवऱ्याची आठवण बायकोने राखली, तीही त्याच्या सगळ्या तऱ्हेवाईकपणासकट.

आता हिशेब मांडायचा तर, माझ्यातला बँकवाला म्हणेल की टिळकांची मागणी नामंजूर झाली. ज्या लोकांसाठी त्यांनी चोवीस वर्षे देवाचे दार ठोठावले, ते लोक त्यांच्या वाटेने गेले नाहीत. जे थोडे गेले ते हाताच्या बोटांवर. उरलेल्या महाराष्ट्राने त्यांची फुलांची, पक्ष्यांची, मुलांची कविता घेतली, पाठ्यपुस्तकात घातली आणि तिच्यामागची प्रार्थना सोडून दिली. ‘रे.’ तेवढा राहून गेला, अर्थ न सांगता. आपले सर तो सांगायला विसरले की मुद्दाम टाळला, हे मी त्यांना विचारणार होतो. दोन वर्षांपूर्वी ते गेल्याचे कळले आणि राहिलेच.

त्या पक्षिणीची कविता मात्र परवा पुन्हा काढून वाचली. सर शेवटच्या ओळींना खिडकीबाहेर का बघायचे, ते आता समजले असे वाटते. जिच्या अंगात बाण आहे तिचे लक्ष बाणाकडे नाही.

मित्राची आजी आपण कॉलेजात असतानाच गेली. मागच्या वर्षी त्याच्या घरी गेलो होतो. चहा झाला, पाणी मी मागून घेतले. भिंतीवर आजीचा फोटो आहे, खाली तेच टाळ. तुझ्या आजीच्या प्रार्थनेत माझे नाव असायचे, तुला आठवते का, असे विचारले. तो म्हणाला की माझे एकट्याचे नव्हे, हजेरीपटावरची आपली सगळी तुकडी असायची, आणि रोज. नातवाला तिने वर्गातल्या मुलांची नावे विचारून पाठ केली होती. म्हणजे मित्रहो, तुम्हीही त्या यादीत होता.

मेळाव्याच्या कार्यक्रमपत्रिकेत दुपारच्या जेवणानंतर गाण्यांसाठी तासभर ठेवला आहे, असे कळले. मागच्या बाकावरच्या मित्राने येताना ते टाळ घेऊन यावे. मृदंगाची सोय मी करतो.